उजनीच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला जाताना

उजनी धरणामागे तुंबलेल्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या, काठी असलेल्या भिगवणला फ्लेमिंगो पाहायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "कोणत्या महिन्यात जावे?" हा. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव मिळाले. हा जलाशय दर वर्षी वेगळ्या वेळी भरतो, वेगळ्या गतीने उतरतो, आणि पक्षी त्या उतरत्या पाण्याच्या मागोमाग आपले किनारे बदलत राहतात. म्हणून महिना ठरवण्याआधी धरणातील पाण्याची टक्केवारी पाहावी, हे या सहलीचे पहिले काम होय.

ही टक्केवारी वाचण्यातही एक गोम आहे. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, परंतु त्यातील जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, आहे आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी आहे. वर्तमानपत्रांत आणि जलसंपदा विभागाच्या दैनंदिन आकडेवारीत जी टक्केवारी दिलेली असते, ती या उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे "उजनी शून्य टक्क्यांवर" किंवा "उजनी उणे वीस टक्के" अशी बातमी वाचून नवख्या माणसाला धरण कोरडे पडल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात तेव्हाही तेथे अथांग पाणी असते आणि पक्षी पाहणाऱ्याच्या दृष्टीने अनेकदा तोच उत्तम काळ असतो.

याचे कारण जमिनीच्या उतारात आहे. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३ मीटर. या दोन पातळ्यांत सहा मीटरचेही अंतर नाही, पण इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतील जी शेतजमीन पाण्याखाली गेली ती इतकी सपाट होती की पातळी हातभर उतरली तरी पाण्याचा काठ पुष्कळ मागे सरकतो. मागे राहतो तो मऊ, काळा गाळ आणि त्यावर वीत-दीड वीत उथळ पाणी. काठावरचे शेतकरी उघड्या पडलेल्या या जमिनीत गाळपेर करतात आणि फ्लेमिंगो त्याच गाळाच्या पाण्यातल्या कडेला चरतात. धरण तुडुंब भरलेले असते तेव्हा पाणी थेट बाभळींच्या बुंध्यांशी आणि उसाच्या बांधाशी येऊन टेकते, उथळ पट्टा शिल्लकच राहत नाही, आणि लांब पायांच्या पक्ष्यांना उभे राहायला जागा उरत नाही.

हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. काही वर्षांपूर्वी पाऊस उत्तम झाला होता, धरण शंभर टक्क्यांच्या वर होते, आणि मी डिसेंबर म्हणजे हंगाम एवढ्याच भरवशावर पाहुण्यांनी भरलेली गाडी घेऊन पहाटे भिगवणजवळच्या कुंभारगावला पोहोचलो. होडीवाल्याने आम्हांला दोन तास फिरवले. बदके दिसली, बगळे दिसले, पण ज्यासाठी सगळे उठले होते तो पक्षी एकही नाही. परत काठाला लागताना तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पाणी अजून वर हाय. कॅनॉल सुटू द्या, मग या." निघण्याआधी त्याला एक फोन केला असता तर त्याने हेच सांगितले असते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. धरण किती भरले आहे ते ऑक्टोबरअखेर पाहून ठेवावे. पुढे कालवे, भीमा-सीना जोड बोगदा आणि सोलापूर शहरासाठी नदीत सोडले जाणारे पाणी यांमुळे पातळी रोज घसरू लागली की दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि मग काठावरच्या एखाद्या होडीवाल्याला फोन करून "थवे कोणत्या बाजूला आहेत, आणि तिथवर होडी जाते का?" हे दोनच प्रश्न विचारावेत. सर्वसाधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी हा स्थलांतरित बदकांचा काळ असतो, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत फ्लेमिंगो चांगले दिसतात, आणि पट्टेरी राजहंस मार्चमध्ये उत्तरेकडे निघून जातात. पाणी टिकले तर फ्लेमिंगो मे महिन्यापर्यंतही असतात, पण त्या काळातील ऊन आणि वादळे लक्षात घेता लहान मुलांना किंवा वृद्धांना घेऊन तेव्हा जाऊ नये.

कोठे जायचे, याविषयीही पुष्कळांचा गोंधळ होतो. काही जण नकाशावर "उजनी धरण" शोधतात आणि थेट भीमानगरला, धरणाच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतात. भिंत पाहण्यासारखी आहे, पण पक्षी तेथे नाहीत. तेथे पाणी खोल आहे, आणि चरणाऱ्या पक्ष्याला खोल पाण्याचा उपयोग नसतो. पक्ष्यांचा मुलूख भिंतीपासून पन्नासेक किलोमीटर वर, फुगवट्याच्या शेपटाकडे, म्हणजे भिगवणच्या परिसरात आहे. मुळा-मुठेने आणि भीमेने आणलेला गाळ तेथे साठतो, आणि पुणे व पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यातून आलेली पोषकद्रव्येही तेथेच मुरतात. त्यांवर शेवाळ वाढते, शेवाळावर किडे आणि अळ्या वाढतात, आणि त्यांवर हजारो पक्षी पोट भरतात. शहराने सोडलेल्या घाणीवर हे वैभव काही अंशी उभे आहे, ही गोष्ट सुखाची नाही, पण ती ठाऊक असलेली बरी, कारण त्यातूनच एक व्यावहारिक सूचना निघते. हे पाणी हिरवट दिसते ते उगीच नाही. त्यात पोहू नये, मुलांना डुंबू देऊ नये, आणि हात बुडवला तर जेवणापूर्वी साबणाने धुवावा.

पुण्याहून सोलापूर महामार्गाने भिगवण सुमारे शंभर किलोमीटर आहे. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन गावांकडे जाण्यासाठी महामार्गावरून डावीकडे, पाण्याच्या दिशेने वळावे लागते. फ्लेमिंगोंसाठी बहुतेक लोक कुंभारगावला जातात, तर डिकसळच्या बाजूला बदके, कुरव आणि शिकारी पक्षी अधिक चांगले दिसतात, असा माझा अनुभव आहे. डिकसळचे नाव रेल्वेच्या इतिहासातही आहे, कारण पुण्याहून आग्नेयेकडे निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये पहिल्यांदा येथवर येऊन थांबला होता. पुणे-दौंड-सोलापूर मार्गावर भिगवणचे स्थानकही आहे, परंतु सगळ्या गाड्या तेथे थांबत नाहीत आणि स्थानकापासून काठापर्यंत वाहनाची सोय आधी करावी लागते, म्हणून रेल्वेने जायचे असल्यास आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करणे सोयीचे. काठावरच्या गावांत घरगुती मुक्कामाची सोय मिळते. खोली साधी असते, पण पहाटे साडेपाचला होडीवालाच दारावर थाप मारतो, हा फायदा मोठा आहे.

पुण्याहून त्याच दिवशी जाणाऱ्याने चारच्या आत घर सोडावे. सूर्योदयाच्या सुमारास होडीत बसलेले असणे हे ध्येय ठेवावे, कारण नऊनंतर वारा सुटतो, पाण्यावर लाटा येतात, ऊन डोळ्यांवर येते आणि पक्षीही काठापासून दूर जातात. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावरची पहाट चांगलीच बोचरी असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच, आणि तीच दहा वाजता काढून ठेवण्यासाठी पिशवीही हवी. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. होडीत चढण्यासाठी सगळीकडे धक्का नसतो, पुष्कळदा गाळात दोन पावले टाकावी लागतात, म्हणून पायात घट्ट बसणारी आणि धुता येणारी चप्पल घालावी. बूट घालून गेलेले लोक परतीच्या वाटेवर गाडीत बूट वाळवत असतात. संध्याकाळी काठावर चिलटांचे अक्षरशः ढग उठतात. ती चावत नाहीत, पण नाकातोंडात जातात, म्हणून एक उपरणे किंवा रुमाल जवळ ठेवावा. दुर्बीण ८ बाय ४२ या मापाची असल्यास हलत्या होडीतही चित्र स्थिर राहते. त्याहून अधिक शक्तीची दुर्बीण काठावर तिकाटण्यावर उत्तम, होडीत मात्र डोके दुखवते.

होडीविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. येथील होडीवाले बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतील आहेत, पाण्याची त्यांना उत्तम जाण आहे, परंतु जलाशय मोठा आहे आणि वारा कोणाचे ऐकत नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अचानक आलेल्या वादळात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ही घटना याच जलाशयातील आहे. त्यामुळे जीवरक्षक जाकीट होडीत "आहे" एवढ्यावर समाधान मानू नये, ते अंगात घालून पट्टे बांधल्यावरच होडी काठावरून सुटू द्यावी. मुलांसाठी लहान मापाचे जाकीट आहे का, हे फोनवरच विचारावे, कारण मोठ्या मापाच्या जाकिटातून लहान मूल पाण्यात निसटते. छोट्या होडीत चार-पाचांपेक्षा जास्त माणसे बसवू नयेत, आणि पैसे वाचवण्यासाठी "अजून दोघे मावतील" असा आग्रह आपल्याकडूनच होतो, हेही मान्य करावे. उभे राहून छायाचित्र काढू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर होडीत बसूच नये, आणि होडीवाला "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. भाडे माणशी नसून बहुधा होडीमागे असते. ते आणि फेरीचा वेळ, दोन्ही निघण्यापूर्वी स्पष्ट बोलून घ्यावेत.

एकदा पाण्यावर गेल्यावर होडीवाल्याला सांगण्यासारखी गोष्ट एकच असते, ती म्हणजे जवळ नेऊ नका. तो नेतो ते आपल्यासाठीच, कारण मोबाइलवर छायाचित्र काढणाऱ्या पर्यटकाला पक्षी पडदाभर हवा असतो आणि तो मिळाला नाही तर पर्यटक नाराज होतो. थव्याच्या रोखाने सरळ जाण्याऐवजी तिरके जावे, सूर्य पाठीशी येईल असा वळसा घ्यावा, शंभरेक मीटर आधीच इंजिन बंद करावे आणि मग वल्ह्याने किंवा बांबूने होडी हळूहळू सरकू द्यावी. इंजिन थांबले की पहिल्यांदा कान उघडतात. दूरवरून राजहंसांसारखाच, पण खालच्या पट्टीतला कलकलाट येत असतो आणि त्याखाली पाण्याची चुळबुळ ऐकू येते. दुर्बिणीतून पाहावे तर प्रत्येक फ्लेमिंगो जागच्या जागी पाय आपटत असतो, जणू कोणी द्राक्षे तुडवीत आहे. त्याने गाळ ढवळून वर येतो. मग मान खाली घालून तो चोच उलटी, म्हणजे वरचा भाग खाली येईल अशी, पाण्यात बुडवतो आणि जिभेने पाणी आत ओढून बाहेर फेकतो. चोचीच्या कडांवरच्या बारीक दातेरी पट्ट्यांत किडे आणि शेवाळ अडकून राहतात. हे पाहायला दहा मिनिटे स्वस्थ बसावे लागते, आणि बहुतेक होड्या दहा मिनिटे कधीच थांबत नाहीत.

थवा अस्वस्थ होत असल्याची खूण ओळखायला सोपी आहे. चरणाऱ्या माना एकामागोमाग वर येतात, सगळे पक्षी एकाच दिशेला तोंड करतात आणि चालू लागतात. एवढे दिसताच होडी मागे घ्यावी. फ्लेमिंगोला उडण्यासाठी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते, त्यात त्याची पुष्कळ शक्ती खर्च होते, आणि दिवसभरात दहा होड्यांनी त्याला दहा वेळा उडवले तर तो चरणार कधी? उडताना पंखांखालचा लाल-काळा रंग दिसतो, त्यावरूनच त्याला अग्निपंख म्हणतात, हे खरे, पण तो रंग पाहण्यासाठी थवा उठवण्याची गरज नाही. अर्धा तास थांबले की एखादी तुकडी आपणहून उठते आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. थव्यात राखाडी-मळकट रंगाचे पक्षी दिसले तर ते आजारी नसून लहान आहेत. गुलाबी छटा यायला त्यांना काही वर्षे लागतात. येथे प्रामुख्याने दिसतो तो मोठा फ्लेमिंगो. त्याची चोच फिक्या गुलाबी रंगाची आणि टोकाला काळी असते, तर ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने येणाऱ्या छोट्या फ्लेमिंगोची चोच गडद असते.

फ्लेमिंगोपायी इतरांकडे दुर्लक्ष करू नये. तिबेट, लडाख आणि मंगोलियाकडील उंच सरोवरांवर वीण करून हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी राजहंस डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून लगेच ओळखू येतात. ते पाण्यापेक्षा काठावरच्या कोवळ्या गवतात आणि हरभऱ्याच्या शेतात अधिक रमतात, त्यामुळे त्यांना होडीतून शोधण्याऐवजी सकाळी काठाकाठाने चालत शोधावे. नारिंगी-बदामी रंगाचे चक्रवाक जोडीने असतात. थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, चमचा, चित्रबलाक, नदीसुरय यांची यादी लांबत जाते. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी म्हणजे वारकरी. जी भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, तिच्याच पाण्यावर हे नाव किती चपखल बसते, ते येथे शेकड्यांनी पोहणारे वारकरी पाहिल्यावर कळते. पाण्यात रोवलेल्या खांबांवर आणि वाळलेल्या बाभळींवर ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी बसलेला आहे का, हे आवर्जून पाहावे. गेल्या खेपेस आमच्यासमोर त्याने हवेत क्षणभर फडफडत थांबून पाय पुढे करून सूर मारला, आणि वर आला तेव्हा त्याच्या नख्यांत चिलापी होती. उडता उडता त्याने तो मासा फिरवून तोंड पुढे येईल असा धरला, म्हणजे वारा कापायला सोपे जावे.

कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकण्याची प्रथा येथे पडली आहे आणि काही होड्यांत त्यासाठी पुडे विकतही मिळतात. छायाचित्र छान येते, यात शंका नाही. तरीही ते घेऊ नये, कारण मासे आणि किडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेले, खारट खाणे सोसत नाही, आणि रिकामी प्लास्टिकची पुडी हमखास पाण्यात जाते. ड्रोन उडवू नये. हे पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि त्यांना हुसकावणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नाही. काठावरची गाळपेर म्हणजे कोणाचे तरी पीक असते, तेव्हा चांगल्या कोनासाठी त्यातून चालत जाऊ नये, आणि मासेमारांच्या जाळ्यांना दाखवणारी थर्माकोलची तरंगती खूण दिसली की होडी तिच्यावरून नेऊ देऊ नये.

दहा-साडेदहाला काठावर आल्यावर भूक लागलेली असते. भिगवणची मासळी प्रसिद्ध आहे. चिलापी सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी, मरळ आणि वाम महाग आणि अधिक चविष्ट. चिलापी मूळची आफ्रिकेतील, येथे आली आणि तिने देशी माशांची जागा बळकावली, त्यामुळे ती खाण्यात मला तरी काही गैर वाटत नाही. ज्वारीची भाकरी, तळलेला तुकडा आणि रस्सा असे जेवण गावातल्या घरी आधी सांगून ठेवले तर वेळेवर मिळते. शाकाहारी माणसाने पिठलेही आधीच सांगून ठेवावे.

दुपारी परतायची घाई नसेल तर भादलवाडीच्या तलावावर जावे. तेथे झाडांवर चित्रबलाकांची वीण वसाहत असते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर घरट्यांतील पिलांचा गलका दुरूनच ऐकू येतो. इंदापूर शहरात तर जुन्या चिंचांवर, माणसांच्या वर्दळीच्या अगदी डोक्यावर, हेच पक्षी घरटी करतात. गवताळ माळाची आवड असलेल्यांसाठी कडबनवाडी जवळ आहे. वन विभागाची सफारी तेथे चालते, नोंदणी आधी करावी लागते, आणि चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. पाणी उणे टक्क्यांत बरेच खाली गेले असेल, तर पळसदेवजवळ पाण्यात गेलेले पळसनाथाचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. तेथे गाळ वरून वाळलेला दिसला तरी खाली मऊ असतो, म्हणून गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय मंदिरापर्यंत चालत जाऊ नये.

घरी आल्यावर छायाचित्रे निवडण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: तारीख, कोणत्या काठावरून होडी घेतली, थवे कोठे होते, आणि त्या दिवशी उजनीत किती टक्के पाणी होते. माझ्या वहीत त्या फसलेल्या डिसेंबरची नोंदही आहे, आणि तिच्यापुढे होडीवाल्याचा फोन क्रमांक लिहिलेला आहे.